फाटल्याशिवाय नवा नाही

संपादकबाईंचा फोन आला, की मावशी, आमच्या दिवाळी अंकासाठी रोजचे कपडे जास्त दिवस कसे टिकवावेत याच्या चार युक्त्या लिहून द्या. मी म्हटलं, युक्त्या सांगायला माझी ना नाही. पण आयुष्यात एकदाच एका बाईनं समोर बसून माझ्याकडून त्या सगळ्या नीट ऐकून घेतल्या, आणि त्यानंतर जे रामायण घडलं ते आठवलं की पुन्हा कुणाला सांगायची धास्ती वाटते. त्या म्हणाल्या, मग ते रामायणच लिहा. म्हणून लिहिते आहे. युक्त्या अधूनमधून येतील, त्या ज्यानं त्यानं वेचून घ्याव्यात.

कळमनुरीत नांदेड रस्त्याला आमची लॉन्ड्री. दुकान आता सून बघते. मी दारात खुर्ची टाकून बसते आणि तिच्या चुका सांगते. ती त्याला कटकट म्हणते, मी देखरेख म्हणते. आमचं घर परटाचं, त्यामुळे धुणं आणि इस्त्री घरातच होती. त्याला रफू, काजं-बटणं आणि कॉलर उलटणं यांची जोड मी दिली. कॉलर उलटणं म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं. शर्ट सगळ्यात आधी मानेशी झिजतो, घामानं आणि दाढीच्या खुंटांनी. बाकीचा शर्ट धडधाकट असतो. मग कॉलर उसवायची, आतली बाजू वर करायची आणि पुन्हा शिवायची. बघणाऱ्याला वाटतं नवा शर्ट घेतला. हल्ली कॉलर झिजली की लोक शर्ट फरशी पुसायला घेतात, आणि फरशी पुसतानाही तो चांगला दोन वर्षं टिकतो, तरी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडत नाही.

आमच्या धंद्यात माणूस तोंडावरून नाही, कपड्यावरून ओळखायचा. एक मिठाईवाले गिऱ्हाईक होतं. त्यांचे कपडे आले की मागोमाग मुंग्या यायच्या. बाह्यांना पाक, खिशात बुंदी. मी त्यांचं गाठोडं फळीवर ठेवून पाहिलं, खुंटीला टांगून पाहिलं, मुंग्या बराबर पत्ता काढायच्या. शेवटी मी सांगितलं, "भाऊ, तुमचे कपडे भिजवूनच आणत जा." पुढच्या खेपेला ते खरोखर बादली घेऊन आले. बादलीच्या कडेनं मुंग्या चालत होत्या.

दुसरे एक हळदीचे अडते. आमच्याकडं हळदीचा हंगाम आला की वसमत-कुरुंद्याकडची माणसं कोपरापर्यंत पिवळी होऊन फिरतात. या अडत्यांचे पांढरे शर्ट मी अगदी बगळ्यासारखे करून दिले, तर माणूस नाराज. म्हणाले, "मावशी, बाहीची हळद पुरी काहून काढली? थोडी राहू द्या. एवढा पांढरा अडत्या पाहून शेतकऱ्याला वाटतं, याचं दुकान चालून न्हाई राहिलं." तेव्हापासून त्यांच्या बाहीवर मी मोजून-मापून हळद शिल्लक ठेवायची. हळदीचं एक सांगून ठेवते, कारण पुढं लागणार आहे. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो. बायका घाबरतात आणि आणखी साबण चोळतात. घाबरायचं काही कारण नाही. धुवायचा आणि कडक उन्हात टाकायचा. हळदीला ऊन सोसत नाही, ती आपली आपण निघून जाते.

तर आता भास्करराव.

भास्करराव कचेरीत हेडक्लार्क होते, निवृत्त झाले होते. नाकासमोर चालणारा माणूस. कचेरीत असताना म्हणे टाचणीसुद्धा वाकडी झाली तर सरळ करून वापरायचे. त्यांच्या घराचा एक कायदा होता : फाटल्याशिवाय नवा नाही. हा कायदा चादरीला होता, चपलेला होता, छत्रीला होता. घरात घालायला त्यांच्याकडं दोन जुने सदरे होते आणि बाहेर निघायला एक बदामी रंगाचा शर्ट. बाजाराला तो, बारशाला तो, कुणाच्या मयतीलाही तोच. गावातली लेकरं त्यांना लांबून ओळखायची ती त्या रंगावरून.

शर्ट घरी धुतला जायचा आणि इस्त्रीला माझ्याकडं यायचा. आणायला आणि न्यायला ते स्वतः यायचे, बायकोवर सोपवायचे नाहीत. कॉलर मी एकदा उलटली होती. कोपराला आतून ठिगळ दिलं होतं, शर्टाच्याच खालच्या शिवणीतला कपडा काढून, म्हणजे रंगात फरक नको. दरवर्षी दिवाळीच्या आधी ते माझ्याकडून शर्टाची तपासणी करून घ्यायचे.

"मावशी, बघा बरं. अजून दम हाय का?"

मी शर्ट दारात नेऊन उजेडाला धरायची. कपडा संपत आला की उजेडात त्याची चाळणी दिसते, धागे विरळ झालेले कळतात. त्यांचा शर्ट कधी चाळणी दाखवायचा नाही. मी म्हणायची, "हाय की, भास्करराव. तुमच्या-माझ्यापरीस जास्त हाय." ते समाधानानं हसायचे आणि दिवाळीला तोच शर्ट घालायचे. उजेडाला कसं धरायचं, काय पाहायचं, हे मी त्यांनाही शिकवलं होतं. चांगलं गिऱ्हाईक असलं की आपलीही जीभ सैल सुटते.

मग एका दुपारी त्यांच्या पत्नी, सुमनवैनी, दुकानात आल्या. पदरानं वारा घेत बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, एक विचारू का? शर्ट लवकर खराब कशानं होतो हो?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. लोक "कधी देता?" एवढंच विचारतात. माझा ऊर भरून आला. मी इस्त्री उभी केली आणि सुरू झाले. वैनी, कपडा अंगावर मरत नाही, धुण्यात मरतो. कॉलरला ब्रश मारला की धागे उठलेच म्हणून समजा. बोटानं साबण लावायचा आणि थोडा वेळ मुरू द्यायचा. पिळे देऊन पिळायचा नाही, दाबून पाणी काढायचं. उलटा करून सावलीत वाळवायचा, ऊन रंग खातं. तारेवर खांद्यानं टांगायचा नाही, घेरानं टांगायचा, म्हणजे खांदे उतरत नाहीत, आणि तार गंजलेली नको. मळका शर्ट इस्त्री करायचा नाही, घाम भाजून बसतो. इस्त्रीला ओलं बोट लावून पाहिल्याशिवाय ती कपड्यावर ठेवायची नाही. एक दिवस घातला की एक दिवस त्याला आराम द्यायचा, कपड्यालाही दम खाऊ द्यावा लागतो. आणि एक टाका गेला की तेव्हाच घालायचा, नंतर दहा घालावे लागतात.

वैनी एकेक गोष्ट परत म्हणून दाखवत होत्या. "म्हंजे ब्रश वाईट. पिळणं वाईट. गंजकी तार वाईट."

"बराबर."

"आन सगळ्यात वाईट काय?"

"तापलेली इस्त्री," मी म्हटलं. "एका दमात खेळ खलास."

वैनी समाधानानं उठल्या. मला वाटलं, किती गुणी बाई, नवऱ्याच्या शर्टाची केवढी काळजी! संध्याकाळी मी घरी आमच्या मालकांना म्हटलंसुद्धा, की संसार असा असावा. 

पुढच्याच खेपेला भास्करराव शर्ट घेऊन आले, तर कॉलर पिंजलेल्या कापसासारखी. सरळसरळ ब्रशनं घासलेली. मी म्हटलं, असू दे, बाईमाणूस सवयीनं विसरली असेल. उठलेले धागे बारीक कातरले, कडेनं मशीनची एक बारीक शिलाई मारली, थोडी खळ देऊन इस्त्री केली. शर्ट ठणठणीत.

त्यानंतर शर्ट आला तो खांद्यावर दोन गंजाचे पट्टे घेऊन, आणि अंग असं पिळवटलेलं की बटणं एका रेषेत येईनात. गंजाला लिंबू आणि मीठ. चोळलं, ठेवलं, धुतलं. पिळा काढायला ओलसर करून चारी बाजूंनी हातानं ओढला आणि दाबाखाली ठेवला. वैनी रस्त्यात दिसल्या तेव्हा मी त्यांना चांगलंच झापलं. "वैनी, मी सांगितलं काय आन तुमी करून राहिल्या काय! सगळं उलटं!" त्या खाली मान घालून म्हणाल्या, "ध्यानात राहत न्हाई हो." मला दया आली. वय झालं की होतं असं, म्हणून मी त्यांना सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून सांगितलं.

मग इस्त्रीचा डाग आला. तोही कुठं, तर शर्टाच्या अगदी खालच्या टोकाला, जे पँटीत खोचलं जातं. नुसता तांबूस, जळलेला नाही. ओलं फडकं, थोडं लिंबू, दोन दिवसांचं ऊन, गेला. मला मात्र कोडं पडलं. शर्टाची इस्त्री माझ्याकडं होते, मग घरी ही कोण करतंय? भास्करराव मात्र खूश होते. शर्ट हातात घेऊन म्हणाले, "मावशी, तुमच्या हातात जादू हाय. शर्ट परत जवान होऊन राहिला."

मला बाई, फुगायला एवढं पुरलं. त्या आठवड्यात मी सुनेशीही गोड बोलत होते.

आणि मग हळद आली. वैनींचं माहेर कुरुंद्याचं, तिथून ताजी हळद आलेली. शर्टाच्या छातीवर भाकरीएवढा डाग, आणि त्यावर साबण घासघासून तो कुंकवासारखा लाल केलेला. भास्करराव चिंतेत होते, पण शर्ट टाकायचा विचार त्यांच्या मनात आलेला नव्हता. "डाग म्हंजे काय फाटणं हाय का?" एवढंच म्हणाले. म्हणजे डाग निघाला नसता तर ते तो तसाच घालून गावभर हिंडले असते. मी म्हटलं, ठेवून जा. चैत्राचं ऊन होतं. मी शर्ट आमच्या पत्र्यासमोर दोरीवर घातला. दुपार उलटली तेव्हा लाल पिवळं झालं होतं, दुसऱ्या दिवशी पिवळं नुसतं नावाला उरलं होतं, तिसऱ्या दिवशी तेही गेलं.

नेमक्या त्याच वेळी सुमनवैनी रस्त्यानं चालल्या होत्या. मी दोरीवरचा शर्ट काढून त्यांच्यापुढं नाचवला. "बघा वैनी! कुठं हाय हळद? शोधून दाखवा!"

वैनींनी शर्टाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. आणि भर रस्त्यात त्या बाईनं रडायलाच सुरुवात केली.

"काहून माझ्या मागं लागल्या हो तुमी, मावशी? काय बिघडवलं मी तुमचं? महिना झाला मी मारून राहिले, आन तुमी जिता करून राहिल्या!"

मी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. माझ्या डोक्यात उजेड पडायला जरा वेळच लागला. मी शिकवलेलं सगळं ती बाई विसरत नव्हती. सगळं तंतोतंत लक्षात ठेवून उलटं करत होती. ब्रश, तार, पिळा, इस्त्री, ओळीनं.

"जाळायचाच होता तर छातीवर जाळायचा," मी म्हटलं. "खाली टोकाला कशाला?"

"हात धजला न्हाई," वैनी डोळे पुसत म्हणाल्या. "इतक्या वर्षांचा शर्ट हाय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांची लेक अपर्णा, हिंगोलीला नोकरी करते. मागं एक स्थळ आलं होतं, तेव्हा भास्करराव बदामी शर्टातच बसले होते. पाहुणे जाताना म्हणाले, "मुलीचे वडील फारच साधे आहेत," आणि पुन्हा फोन केला नाही. आता या रविवारी नांदेडची माणसं येणार होती. या वेळची गोष्ट वेगळी होती. मुलगा आणि अपर्णा एकमेकांना हिंगोलीत ओळखत होते, दोघांचं मनानं ठरलं होतं. अपर्णानं आईला सांगितलं होतं आणि बजावलं होतं, की बाबांना बोलू नको, त्यांना वाटेल पोरीनं परस्पर उरकलं.

"पोरीनं पहिल्यांदा काहीतरी मागितलंय, मावशी. ते या शर्टापायी गेलं तर मी काय करू?"

"तर मग त्यांना सरळ सांगा, की रविवारी दुसरा घाला."

"सांगितलं की! म्हणतेत, जो शर्ट पाहून न्हाई म्हणल, त्याच्या घरी पोरगी द्यायचीच काहून? आता याला काय उत्तर द्यावं?"

बरोबर बोलणाऱ्या माणसाशी भांडणं सगळ्यात अवघड.

"नवा शर्ट घरात हाय," वैनी म्हणाल्या. "अपर्णानं पहिल्या पगारात आणला, निळा. पाकिटात तसाच हाय. दर सणाला ती म्हणती, बाबा, घाला. हे म्हणतेत, बदामी फाटला की घालतो. पोरगी बिचारी आता विचारतबी न्हाई." मग माझा हात धरून म्हणाल्या, "मावशी, ते कुणाचं ऐकत न्हाईत. पण तुमी शर्ट संपला म्हणल्या, तर ऐकतील."

वैनी गेल्या आणि मी त्या शर्टाकडं बघत बसले. जन्मभर मी एकच गोष्ट पाळली होती : कपड्याबद्दल खोटं बोलायचं नाही. निघणार नसलेला डाग निघेल म्हणायचं नाही, आणि चालण्यासारखा कपडा गेला म्हणायचं नाही. माझ्याकडं दुसरं होतं काय? शिक्षण नाही, पैसा नाही. हिंगोलीपर्यंतची माणसं माझ्याकडं यायची ती माझ्या शब्दावर. आणि खरं सांगते, मला राग आला होता तो वैनींचा नाही, त्या शर्टाचा. एवढा मार खाऊन मेला ठणठणीत होता, आणि तो ठणठणीत होता ते माझ्याच हातांनी. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कुणाकडं करायची?

शनिवारी भास्करराव आले. "मावशी, उद्या पाव्हणे येऊन राहिले. जरा कडक इस्त्री मारा."

मी शर्ट उचलला, दारात नेला आणि उजेडाला धरला. कापड अगदी दाट दिसत होतं. एक धागा हललेला नव्हता.

"भास्करराव," मी म्हटलं, "शर्ट संपला."

"काय?"

"पार संपला. पाठीत चाळणी झाली. उद्या पाव्हण्यांपुढं वाकल्या वाकल्या टर्रकन फाटंल. मी इस्त्री करणार न्हाई याला."

भास्कररावांनी हात पुढं केला. मी शर्ट दिला. त्यांनी तो उजेडाला धरला, मी शिकवला होता तसाच, दोन्ही हातांनी ताणून, आधी पाठ, मग खांदे, मग काखा. किती वेळ ते बघत होते कुणास ठाऊक. मी इस्त्रीचे कोळसे उगाचच ढवळत बसले. मग त्यांनी शर्टाची नीट घडी घातली, ती माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुमी म्हणता तर संपला." आणि गेले.

रविवारी सकाळीच वैनींचं बोलावणं आलं. लाईट गेली होती आणि अपर्णाची साडी इस्त्रीवाचून राहिली होती. मी कोळशाची इस्त्री घेऊन गेले. वैनींनी दारातच माझा दंड दाबला, डोळे रडून सुजलेले पण चेहरा हसरा. "मागून सांगते," म्हणाल्या आणि पोह्यांकडं पळाल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात साडी इस्त्री करत बसले, तिथून बैठक दिसत होती.

मुलगा आला, त्याचे आई-वडील आले. आणि आतल्या खोलीतून भास्करराव बाहेर आले. निळा शर्ट! पाकिटातल्या घड्या जशाच्या तशा, पोटावर एक चौकोन छापल्यासारखा. मान मात्र त्यांनी अशी ताठ धरली होती की मला काही कळेना. मग लक्षात आलं. नव्या शर्टाच्या कॉलरीत आतून प्लास्टिकची पट्टी असते ना, कॉलर उभी राहावी म्हणून, ती काढायची असते हे त्यांना माहीत नव्हतं. माहीत कसं असणार? एवढ्या वर्षांत त्यांनी पाकीट फोडलंच नव्हतं. उजवीकडं बघायचं तर ते खुर्चीसकट वळत होते. मुलाच्या वडिलांचा समज झाला, की माणूस मोठा करारी दिसतो. ते बिचारे सावरून बसले.

आणि गंमत ऐका. शर्टाकडं कुणी पाहिलंच नाही! मुलाच्या आईचं लक्ष आतल्या दाराकडं, मुलाचं त्याच दाराकडं, आणि मुलाच्या वडिलांचं बंद पडलेल्या पंख्याकडं. महिनाभर दोन बायका ज्याच्यापायी झुरल्या, त्या शर्टाच्या जागी भास्करराव गोणपाट घालून बसले असते तरी त्या माणसांना पत्ता लागला नसता. मागच्या पाहुण्यांनाही लागला नसणार. त्यांचा फोन आला नाही तो दुसऱ्याच कशापायी, आणि आपण दोष ठेवला बिचाऱ्या बदामी शर्टावर.

तेवढ्यात अपर्णा पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. उंबरा ओलांडला आणि बाबांकडं नजर गेली तशी थांबलीच. ट्रेमधल्या बशा किणकिणल्या.

"बाबा!" ती सगळ्यांसमोर म्हणाली. "घातला तुम्ही?"

आता मात्र सगळ्यांनी शर्टाकडं पाहिलं. भास्कररावांचे कान लाल झाले. मुलाच्या आईनं विचारलं, "काय झालं ग बाई?"

"काही नाही," अपर्णा म्हणाली, पण डोळ्यांतलं पाणी लपत नव्हतं. "माझ्या पहिल्या पगाराचा शर्ट आहे. बाबांनी आज काढला."

मुलगा एकदम आपल्या वडिलांकडं वळला. "बघा पप्पा! मी आणलेलं घड्याळ अजून डब्यात हाय!"

"ते चांगलं हाय म्हणून ठेवलंय," पप्पा पुटपुटले.

"ते आमच्यात असंच हाय हो," मुलाची आई वैनींना म्हणाली. "यांचा एक टॉवेल हाय..." आणि मग दोन्ही बायकांची अशी काही जोडी जमली, की पोहे गार झाले तरी टॉवेल संपेना. सुपारी त्याच बैठकीत फुटली.

पाहुणे चपला घालत होते तेव्हा मी भास्कररावांना मागच्या पडवीत बोलावलं. "खाली बसा," म्हटलं, आणि कॉलरीतली पट्टी ओढून काढली. त्यांनी मान इकडून तिकडं फिरवली. सकाळपासून पहिल्यांदा त्यांना उजवीकडचं दिसलं असेल.

"मावशी," ते म्हणाले, "त्या शर्टात चाळणी कुठंच न्हवती."

आता काय लपवायचं? "न्हवती," मी म्हटलं. "मग मला तिथंच झापायचं की. नवा घातला कशाला?"

"इतक्या वर्षांत तुमी कपड्याबद्दल एक शब्द खोटा बोलल्या न्हाईत. आन काल बोलल्या. तवाच मला कळलं, गोष्ट शर्टाची न्हाई." ते पट्टीकडं बघत होते, माझ्याकडं नाही. "घरी गेलो आन हिला विचारलं, 'काय चाललंय तुमचं? मला सांग.' लगीन झाल्यापासून असं पहिल्यांदाच विचारलं असंल. ती लई वेळ रडली. मग सगळं सांगितलं. मग मी पाकीट फोडलं."